दोन कुलपांची पेटी

त्या पेटीला आधी एकच कुलूप होतं आणि तेही कधी कुणी लावत नसे. अक्रोडाच्या लाकडाची, गुडघ्याएवढी पेटी, चर्चमध्ये व्यासपीठाच्या मागे पडलेली. आत भजनांची फाटकी पुस्तकं, प्रभुभोजनाचा पेला आणि बाप्तिस्म्याची वही. वीस वर्षं केझाया तिच्यावरची धूळ पुसत आली होती, आणि या वीस वर्षांत त्या पेटीकडे ढुंकून पाहिलेला दुसरा माणूस तिला आठवत नव्हता. आता मात्र अख्खं हॅरोज लँडिंग त्या पेटीपायी एकमेकांच्या उरावर बसलं होतं.

भांडण वरून आलं होतं. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला मेथडिस्ट धर्मगुरूंची मोठी सभा भरली. एका बिशपच्या घरी गुलाम आहेत, हे बिशपला शोभतं का, यावर कित्येक आठवडे काथ्याकूट झाला आणि शेवटी देशभरातलं चर्च मधोमध फाडून ते लोक आपापल्या घरी जेवायला गेले. उत्तरेचं एक, दक्षिणेचं एक. सीमेवरच्या गावांनी मतं घेऊन आपलं काय ते ठरवावं, असं सांगून मोकळे झाले. त्यांचं काय जातंय! हॅरोज लँडिंग होतं केंटकीत, ओहायो नदीच्या अलीकडच्या काठावर. अलीकडे माणूस विकता येत होता, पलीकडे येत नव्हता, आणि मधली नाव दिवसातून सहा खेपा करत होती. अशा गावाला ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं म्हणजे भांडायला आमंत्रण.

मतं झाली. खाली बाकांवर बसणाऱ्यांपैकी अठ्ठावन्न दक्षिणेच्या बाजूला, त्रेपन्न उत्तरेच्या. तेवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण उत्तरवाल्यांचे पुढारी ब्रदर प्रुइट, खोगीरं शिवण्याचं दुकान चालवणारे, उभे राहिले आणि म्हणाले, वरच्या माळ्यावर बसणारे एकेचाळीस काळे लोकही सभासद आहेत, ते गुलामीच्या विरोधातच असणार, म्हणजे आमच्यात. मग दक्षिणवाल्यांचे ब्रदर कारगिल उठले. त्यांचा तागाचे दोर वळण्याचा कारखाना होता. ते म्हणाले, माळ्यावरचे बहुतेक आमच्याच घरची माणसं आहेत, आमचं खातात, तेव्हा ते आमच्यात. दोघांनीही ते एकेचाळीस आपापल्या यादीत चढवले. मान वर करून माळ्याकडे पाहायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. केझाया वर कठड्याला टेकून बसली होती. तिने कपाळावर हात मारला.

त्याच आठवड्यात पेटीला दोन नवी कुलपं आली. एक प्रुइटांचं, एक कारगिलांचं. चर्च कुणाचं, पेला कुणाचा, वही कुणाची, घंटा कुणाची, याचा दावा कोर्टात गेला आणि तिथे भिजत पडला. तोवर रविवारी सकाळी उत्तरवाले प्रार्थना करत, दुपारी दक्षिणवाले. केझायाला झाडू दोनदा मारावा लागे आणि घंटा दोनदा वाजवावी लागे. मजुरी मात्र कुणीच देईना, कारण दोघांचंही म्हणणं, दुसऱ्याने द्यावी.

हेही तिने सोसलं असतं. पण आता तिच्या पोरीच्या गळ्याशी आलं होतं.

केझाया स्वतंत्र होती. तिच्या बाईंनी, लविनिया हार्बिसन यांनी, अठराशे एकोणतीस सालच्या वसंतात तिला सुटकेचा कागद करून दिला होता, आणि तो कागद ती मेणकापडात गुंडाळून छातीशी ठेवत असे. तेव्हा ती पोटुशी होती. डॉर्कस ऑगस्टात झाली, म्हणजे स्वतंत्र आईच्या पोटी, म्हणजे स्वतंत्र. थोरला टायटस त्याआधी दोन वर्षं झालेला. त्याचं नाव कागदात नव्हतं. ‘त्याचं नंतर बघू’, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि तो नऊ वर्षांचा झाल्यावर त्यांनी पाहिलं. नदीखालच्या नॅचेझच्या गुलामांच्या बाजाराला जाणाऱ्या बोटीवर त्याला चढवलं. त्याच शरदात बाईंनी चर्चला सिनसिनाटीहून नवी कोरी घंटा आणून दिली आणि सगळ्यांनी त्यांच्या दानतीची वाखाणणी केली.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. भाचा हॉलिस इस्टेटीचा धनी झाला आणि त्याने शोध लावला, की डॉर्कसचा जन्म कागदाच्या आधीचा आहे, तेव्हा ती आपली. सतरा वर्षांची पोर, वाळत घातलेल्या चादरी काढत होती, तिला तशीच उचलून त्याने जिल्ह्याच्या तुरुंगात बसवली. सोमवारी कोर्ट बसणार होतं. मंगळवारी बोट खाली जाणार होती, आणि बोटीवरच्या व्यापाऱ्याने डॉर्कसचे दात पाहूनही घेतले होते.

‘बाप्तिस्म्याची वही आण,’ वकील टेट म्हणाले. ते गरिबांचे खटले कोर्टाने गळ्यात घातले म्हणून चालवत, आणि ते तोंडावर दिसेही. ‘तारीख आणि स्वतंत्र बाईची मुलगी, एवढं त्यात दिसलं की झालं. पण वहीच्या खऱ्या राखणदाराने शपथेवर सांगायला हवं, की ही आमची वही आणि यातलं सगळं खरं. गोऱ्या माणसाने. तू सांगून उपयोग नाही.’

‘ते मला ठाऊक आहे.’

‘आणि राखणदार तर दोन आहेत. म्हणजे एकही नाही,’ टेट म्हणाले आणि त्यांनी जांभई दिली.

गुरुवारी ती प्रुइटांच्या दुकानात गेली. त्यांनी हातातली चामडं टोचायची आर खाली ठेवली, तिला स्टूल दिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. हेच तिला नको होतं. डोळे भरले की प्रुइट लवकर आवरत नसत.

‘केझाया, गुलामी हे या देशाच्या अंगावरचं गळू आहे.’

‘हो ब्रदर. किल्ली देता का?’

‘ते कधीतरी फुटणार. फार रक्त वाहणार, बघ तू.’

‘ब्रदर, किल्ली.’

प्रुइटांनी चष्मा पुसला. ‘किल्ली देऊन काय होणार? कारगिलची पण लागेल. आणि मी त्या माणसाबरोबर एका पेटीपाशी उभा राहिलो, तर त्याचा अर्धा हक्क मी मान्य केल्यासारखं होतं. वकिलाने मला लेखी बजावलंय. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.’

‘माझी पोर तुरुंगात बसलीय.’

‘तिच्यासाठी मी रोज गुडघे टेकतो.’

केझायाच्या ओठांवर आलं होतं, की गुडघे टेकायचेत तर पेटीपाशी टेका आणि हातात किल्ली असू द्या. पण ती गिळून बसली. गोऱ्या माणसाला उलट बोललं की तो दुखावतो, आणि दुखावलेल्या चांगल्या माणसाइतका निरुपयोगी माणूस नाही.

कारगिल तर त्याहून गोड. त्यांनी तिला मागच्या ओसरीवर बोलावलं.

‘ये केझाया मावशी. काय हे ऐकतोय मी! अगं डॉर्कसला मी मांडीवर खेळवलंय.’

‘मग ती कधी जन्मली ते तुम्हाला ठाऊकच आहे, ब्रदर.’

कारगिलांना एकदम खोकला आला. ‘ठाऊक म्हणजे... आता इतक्या वर्षांचं कोण लक्षात ठेवतं? आणि हॉलिस पडला आपला शेजारी. त्याच्या घरच्या भानगडीत मी नाक कशाला खुपसू? शिवाय पेटी उघडली तर उत्तरवाले बोंब मारतील. दाव्याचा निकाल लागू दे, मग निवांत बघू.’

‘कधी लागेल?’

‘लागेल दोनेक वर्षांत.’

‘बोट मंगळवारी आहे.’

‘हो ना. फार वाईट वाटतं गं. मार्था! केझाया मावशीला एक मडकं काकवी दे.’

तर दोन दिवस पायपीट करून केझायाच्या हातात काय पडलं, तर काकवी. रस्त्यात उभी राहून ती त्या मडक्याकडे पाहत राहिली. एकाने अश्रू दिले, एकाने गोड दिलं, किल्ली कुणीच दिली नाही. एकाचं मन उत्तरेला, दुसऱ्याचं दक्षिणेला, आणि तिच्या पोरीच्या बाबतीत मात्र दोघांचं तंतोतंत एकमत. तिला इतका संताप आला की मडकं नदीत भिरकावावं. पण काकवी ती काकवी. ती तुरुंगात घेऊन गेली.

डॉर्कसने गजांतून हात घालून मक्याची भाकरी काकवीत बुडवली.

‘कुणाची?’

‘कारगिलची.’

‘किल्लीऐवजी?’

‘किल्लीऐवजी.’

डॉर्कस हसली. ही पोर कुठेही हसे. ‘आणि प्रुइटने काय दिलं?’

‘रडला.’

‘अगं बाई! मग रात्री त्याला शांत झोप लागली असेल.’

‘तू खा गं मुकाट्याने. मंगळवारी काय होणार त्याची काळजी आहे का तुला?’

डॉर्कसचं हसू गेलं. तिने भाकरी खाली ठेवली. ‘मी दिवसभर दुसरं काय करते इथे? ऐक आई. त्या दोघांना ती वही नकोच आहे. वहीत काय लिहिलंय हेही त्यांनी कधी पाहिलं नसेल. त्यांना एवढंच हवंय, की ती दुसऱ्याला मिळू नये.’

‘ते मला कळत नाही होय?’

‘मग तू चुकीचं मागतेयस. द्या द्या म्हणत बसलीयस. कधी देणार नाहीत. दुसरा नेतोय म्हण.’

शनिवारी दुपारी केझाया नेहमीसारखी झाडायला गेली. बाकं पुसली, शेगडीची राख काढली, तंबाखू थुंकायची भांडी घासली. मग पेटी भिंतीपासून ओढली, कारण तिच्यामागे कचरा साठायचा. आणि नेहमीसारखंच झाकण मागच्या बाजूने जरासं उचललं गेलं. मागच्या बिजागऱ्या चामड्याच्या पट्ट्यांच्या होत्या, आणि त्यांचे खिळे निदान दहा वर्षं सैल होते. ती पुढे आली, दोन्ही कुलपं पाहिली. मोठी, पितळी, भारी कुलपं. गावातल्या दोन शहाण्या माणसांनी दोन वर्षं एकमेकांवर पहारा ठेवला होता आणि पेटीच्या मागे काय आहे हे एकालाही माहीत नव्हतं. कसं असणार? मागे झाडायला कुणी जातं का?

तिने चार खिळे बोटांनी काढले, वही एप्रनमध्ये घेतली, खिळे परत बसवले. कुलपं तशीच लटकत राहिली.

घरी जाताना ती खोगिरांच्या दुकानावरून गेली. ‘ब्रदर प्रुइट, तुमच्या कानावर असलेलं बरं. सोमवारी कोर्टात बाप्तिस्म्याची वही हजर होणारेय म्हणे. कुणाच्या नावाने ते मला ठाऊक नाही.’ प्रुइटांच्या हातातून आर पडली. मग ती दोरांच्या कारखान्यावरून गेली आणि तेच, शब्दही न बदलता, कारगिलांना सांगितलं. कारगिलांनी काकवी देऊ केली नाही.

सोमवारी कोर्ट खचाखच भरलं होतं. बाजाराचा दिवस, बाहेर घोडे, आत तंबाखू. एका कोपऱ्यात प्रुइट, दुसऱ्यात कारगिल, दोघंही वकिलांसकट. डॉर्कसला शिपायाने पुढे उभी केली. टेट वकिलांनी वही टेबलावर ठेवली. तिथवर आल्यावर त्यांनाही जरा जाग आल्यासारखी दिसली.

‘ही कुठून आली?’ न्यायाधीशांनी विचारलं. ‘तुझी साक्ष घेत नाहीये, बाई. नुसतं विचारतोय.’

‘चर्चमधून, साहेब. मी तिथे झाडते. वही चर्चची आहे. आता चर्च कुणाचं, ते मला अडाणी बाईला काय कळणार? ज्यांचं असेल ते सांगतील.’

दोन खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

‘आमची आहे!’ प्रुइट ओरडले.

‘आमची! बहुमत आमचं आहे!’ कारगिलांचा चेहरा लाल झाला. ‘पेटीवर माझं कुलूप आहे!’

‘माझं आधी लागलं!’

‘एका वेळी एक बोला,’ न्यायाधीश वैतागले. त्यांच्यापुढे या चर्चचा दावा दोन वर्षं पडून होता आणि त्यांना या दोघांची तोंडं बघायचा कंटाळा आला होता. ‘जो राखणदार म्हणवतो त्याला वहीची जबाबदारी घ्यावी लागेल. ब्रदर प्रुइट, ही वही खरी? यातलं सगळं लिखाण खरं? शपथेवर?’

‘ओळ न् ओळ!’ प्रुइटांनी हात वर केला.

‘तुम्ही, ब्रदर कारगिल? तुम्हाला शंका असेल तर तसं सांगा. म्हणजे वही यांची धरतो.’

हॉलिस हार्बिसन मागून कारगिलांचा कोट ओढत होता. कारगिलांनी कोट सोडवून घेतला. दोन वर्षांची ईर्ष्या एका शेजाऱ्यासाठी कोण सोडतो? ‘ओळ न् ओळ खरी, साहेब! माझ्या वडिलांनी सुरू केलेली वही आहे ती!’

‘छान,’ न्यायाधीश म्हणाले. ‘सूर्य कुठून उगवतो यावरही ज्यांचं एकमत होत नाही, अशी दोन चर्चं म्हणतात वही खरी. मला आणखी काय हवं? वाचा.’

कारकुनाने पानं उलटली. माळ्यावरच्या लोकांच्या नोंदी शेवटच्या पानावर होत्या, सगळ्या एकत्र, कारण त्यांच्यासाठी वेगळी पानं घालवायची कुणाला गरज वाटली नव्हती. त्याने बोट ठेवलं आणि वरपासूनच वाचायला लागला, त्याला ओळ शोधायचा कंटाळा असावा.

‘टायटस, केझायाचा मुलगा, श्रीमती हार्बिसन यांच्या मालकीचा, वय तीन आठवडे.’ मग दुसऱ्या कुणाची एक ओळ. मग, ‘डॉर्कस, केझाया या स्वतंत्र बाईची मुलगी, जन्म नऊ ऑगस्ट अठराशे एकोणतीस.’

‘पुरे,’ न्यायाधीश म्हणाले. ‘मुलीला सोडा.’

डॉर्कस धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. केझायाने तिला घट्ट धरलं, पण तिला धड आनंद करता येईना. मधे एक ओळ. फक्त एक ओळ मधे होती. वाचता येत नसल्यामुळे तिने आजवर ती वही कधी उघडली नव्हती, आणि टायटसचं नाव या जगात कुठे लिहिलेलं असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बाळाचे केस ओले केले होते पाद्रीबुवांनी. तो रडला नव्हता. हे सगळं तिला त्या गर्दीत, त्या तंबाखूच्या वासात, लख्ख आठवलं. मागे प्रुइट आणि कारगिल वहीच्या दोन टोकांना हात लावून भांडत होते.

बुधवारी सकाळी मायलेकी दोन गाठोडी घेऊन नावेच्या धक्क्यावर आल्या. हॉलिस वरच्या कोर्टात जाणार असं कानावर आलं होतं आणि केझायाला आता अलीकडचा काठ नको झाला होता. नाव लागत होती, एवढ्यात गावातल्या दोन रस्त्यांनी दोघे ब्रदर घाईघाईने आले. दोघांच्याही हातात कागद.

‘केझाया, थांब!’ प्रुइट धापा टाकत म्हणाले. ‘बदलीचं पत्र. पलीकडच्या चर्चला दाखव. आमची सभासद म्हणून लिहिलंय.’

‘मावशी, ते घेऊ नकोस,’ कारगिल म्हणाले. ‘हे घे. खरं चर्च आमचं. तुझं पत्र कुणी दिलं हे दाव्यात फार महत्त्वाचं आहे.’

‘तिने उत्तरेचंच घ्यावं हे उघड आहे!’

‘तिलाच विचारा ना!’

दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला ते सुचलं होतं. दोघंही तिच्याकडे पाहत राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर खरोखरीची उत्सुकता होती, आणि तिचा इतका वेळ दाबून धरलेला राग शेवटी सुटला.

‘घंटा कुणाची याच्यासाठीही भांडताय ना तुम्ही?’ ती म्हणाली. ‘मी सांगते कुणाची. माझ्या टायटसला विकून आली ती. दहा वर्षं मी माझ्या हाताने वाजवतेय. तुमच्या प्रार्थनेला आणि तुमच्याही. ओळ न् ओळ खरी म्हणालात ना शपथेवर? मग ती पहिली ओळ पण खरी. जा, नॅचेझला जा, त्याला शोधा, आणि त्याला विचारा तुमच्या कुठल्या यादीत त्याच्या आईला मोजायचं ते.’

प्रुइटांचे डोळे भरून आले. कारगिलांना खोकला आला.

‘ते झालं गं,’ प्रुइट हळूच म्हणाले, ‘पण पत्र?’

केझायाने चर्चच्या दाराची किल्ली कमरेची काढली आणि दोघांच्या मधोमध, नाव बांधायच्या खांबावर ठेवली. मग ती आणि डॉर्कस नावेत बसल्या.

नाव सुटली. डॉर्कस मागे वळून पाहत होती. ‘आई, दोघंही किल्लीला हात लावत नाहीयेत. दुसऱ्याने आधी उचलली की त्याने चोरली असं कोर्टात सांगता येईल, याची वाट बघतायत.’

‘बघू देत.’

मधल्या धारेत आल्यावर डॉर्कसने गाठोडं मांडीवर घेतलं आणि विचारलं, ‘टायटसचं नाव त्या वहीत आहे, हे तुला आधीपासून माहीत होतं?’

‘नाही,’ केझाया म्हणाली. ‘वीस वर्षं नुसती वरून पुसत होते गं मी ती पेटी.’